नाक्यावर ओळख चालत नसते

तातेरावांनी देश सोडून जायचं ठरवलं, त्याला कारण झाल्या शालूच्या चार साड्या.

लग्न होऊन चार महिने झाले तरी त्या साड्या दोरीवरच होत्या. घरात लोखंडी पेटी एकच, आणि ती सासऱ्यांच्या, म्हणजे तातेरावांच्या कागदांनी गच्च भरलेली. एका मंगळवारी सासूबाई रुक्माबाई नवऱ्याला म्हणाल्या, "त्या पेटीत एक कोपरा करून द्या पोरीला. नवी नवरी अन् धोब्याच्या घरावानी कपडे लोंबून राहिले."

तातेराव नुकतेच जिल्हा परिषदेच्या रस्त्याच्या कामावरून रिटायर झाले होते. रिटायर माणसाला असं काम सांगितलं की तो ते जरुरीपेक्षा फार मन लावून करतो. त्यांनी पेटी ओसरीत ओढली, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि एकेक कागद वाचायला घेतला. (कोपरा करायला कागद वाचावे लागत नाहीत, असं शालूला तेव्हाच वाटलं होतं. पण चार महिन्यांच्या सुनेला काय वाटतं, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. सगळ्या आखाडा बाळापुरात नव्हती.)

दुपारपर्यंत दोन कागद हाती लागले. एक उर्दूतला, निजाम सरकारच्या शिक्क्याचा. त्याला मुलकी सर्टिफिकेट म्हणत. हा माणूस आमच्या राज्याचा आहे, असं त्यात लिहिलेलं असे आणि ते असल्याशिवाय निजामाची नोकरी मिळत नसे. दुसरा कागद पैनगंगेपलीकडच्या बोरझरी गावचा, कोतवालाच्या बुकातला उतारा. ग्यानोबाच्या घरी सन १९१७ साली मुलगा झाला, असा. त्या काळी नदीच्या अलीकडे निजामाची मोगलाई आणि पलीकडे इंग्रज. सहा महिन्यांचं ते मूल घेऊन ग्यानोबा नदी उतरून इकडे आला, आणि ते मूल आज अठ्ठावन्नाव्या वर्षी ओसरीत बसून दोन्ही कागद दोन्ही हातांत धरून बघत होतं.

"म्हंजे मी दोन मुलकांचा माणूस हाय," तातेराव म्हणाले.

"अन् जेवणार कोणत्या मुलकात?" रुक्माबाई आतून म्हणाल्या. "भाकरी गार होऊन राहिली."

तातेराव जेवायला आले ते गंभीर चेहऱ्यानं. जेवण अर्ध्यावर आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता आपण आपल्या मुलकात परत जायचं. बोरझरीला. इंग्रजीत."

त्यांचा मुलगा माणिक गावातल्याच शाळेत मास्तर होता. चूक दिसली की दुरुस्त करायची त्याला सवय. तो म्हणाला, "आबा, इंग्रज जाऊन सत्तावीस वर्षं झाली."

"इंग्रज गेले असतील. मुलूख कुठं गेला?"

माणिकनं भूगोलाचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं. ते पुस्तकात नव्हतं.

तसं पाहिलं तर बोरझरी बाळापूरहून पाच कोस. बैलगाडीनं सकाळी निघालं तर ऊन तापायच्या आत पोचावं. पण तातेरावांची उमेद ज्या ठिकाणी गेली, तिथं ते पाच कोस म्हणजे साता समुद्रांहून मोठे होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी ते पैनगंगेच्या उतारावर, करोडगिरीच्या नाक्यावर नोकरीला लागले. या राज्यातून त्या राज्यात जाणाऱ्याचं गाठोडं सोडायचं, माल बघायचा, जकात लावायची, पटलं नाही तर माल ठेवून घ्यायचा, हे काम. फेटा, पितळी बिल्ला आणि दोन्ही बाजूंना वर वळवलेल्या मिशा. पुढं पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, नाके उठले. तातेराव नाक्यावरून उठले, पण नाका काही तातेरावांमधून उठला नाही. अजूनही पाहुणा आला की ते आधी त्याची पिशवी बघत आणि मग तोंड.

आणि दोन मुलकांचं म्हणाल, तर ते अगदीच हवेतलं नव्हतं. बोरझरीचे पोलिसपाटील शेषराव हे त्यांचे चुलतभाऊ. त्यांनी मायेपोटी तिथल्या मतदार यादीत तातेरावांचं नाव राहू दिलं होतं. मागच्या निवडणुकीत तातेराव सकाळी बाळापुरात मत देऊन, डाव्या बोटाची शाई घेऊन सायकलीवर बोरझरीला गेले आणि साहेबापुढं उजवा हात केला. साहेब म्हणाला, डावा दाखवा. तातेराव म्हणाले, "तो हात मोगलाईतला हाय." साहेबानं दोन्ही हातांसकट त्यांना बाहेर काढलं.

हे सगळं ऐकून हसू येईल. पण शालूनं या चार महिन्यांत आणखी एक गोष्ट पाहिली होती. बाळापुरात पन्नास वर्षं काढूनही पारावरचे लोक तातेरावांच्या घराला 'वऱ्हाड्याचं घर' म्हणत. कुठं भांडण झालं की म्हणत, "तुमी नदीपलीकडचे, तुमाला काय कळतं इथलं." तातेराव तिथं हसून घेत आणि घरी येऊन बराच वेळ पाय धूत बसत. म्हातारपणी आपल्याला ओळखणाऱ्या माणसांत जाऊन राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकीचा सगळा फेटा होता.

मात्र शालूला आणखीही एक ठाऊक होतं.

तिचं माहेर सावळी. सावळी म्हणजे बोरझरीपासून अर्धा कोस, तिकडच्याच काठाला. त्या दोन्ही गावांत लेकरू झोपत नसलं की आया एक गाणं म्हणत:

नीज बाळा नीज, नाक्यावरचा येईल
मिशीला पीळ देईल, कमळाचं घंगाळ नेईल

शालूही हेच ऐकून मोठी झाली. नाक्यावरचा म्हणजे विहिरीतल्या आसरांसारखं काहीतरी असेल, अशी तिची समजूत. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती न्हाणीत पाणी काढायला गेली, तर समोर पितळेचं हे मोठं घंगाळ. काठाभोवती कमळं. एका अंगाला पोचा. तिनं तांब्या खाली ठेवला. त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या फोटोत फेटा, बिल्ला आणि त्या मिशा दिसल्या. आणि ज्याच्या भीतीनं ती सात वर्षांची होईपर्यंत तोंडावर पांघरूण घेऊन झोपली, तो ओसरीवरून म्हणाला, "पोरी, च्या आण गं. साखर जरा कमी."

"हे घंगाळ जुनं दिसतं," एकदा तिनं चाचपून पाहिलं होतं.

"वडिलार्जित हाय," तातेराव अभिमानानं म्हणाले. "मूळ बोरझरीचं."

ते खोटं बोलत नव्हते. पंचवीस वर्षं रोज त्यातल्या पाण्यानं आंघोळ केल्यावर ते त्यांना खरंच वडिलार्जित वाटू लागलं होतं. आणि मूळ बोरझरीचं, हे तर शंभर टक्के खरं.

तातेरावांनी शेषरावांना पत्र टाकलं: 'स्वदेशी कायमचे येण्याचा विचार आहे. तिकडचे कायदे कळवावे.' आठ दिवसांनी कार्ड आलं. माणिकनं मोठ्यानं वाचलं: 'अवश्य यावे. नदीस पाणी नाही, उतारानेच यावे. रेशनकार्डासाठी नात्याबाहेरच्या जुन्या माणसाची ओळख लागते. गावात जुने माणूस आता एकच उरले आहे. नर्मदाबाई हयात आहे व तुमची रोज आठवण काढते.'

तातेरावांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते. "बघा! इथं पेन्शनीच्या कारकुनाला माझं नाव तीनदा सांगावं लागतं. अन् तिथं रोज आठवण काढणारं माणूस हाय!"

"कोण व्हय ही नर्मदाबाई?" रुक्माबाईंचा आवाज बदललेला होता.

"आसंल कुणीतरी. लहानपणची ओळख."

"लहानपणची? सहा महिन्यांचे असताना आले तुमी इकडं. सहा महिन्यांत कसली ओळख केली?"

"मामाजी," शालू दारातून म्हणाली. गाण्यातलं घंगाळ याच नर्मदाबाईचं, असं सावळीत म्हणत; नाव ऐकून ती चुलीवरचं तसंच टाकून आली होती. "ती नर्मदाबाई..."

"तुझ्या माहेराजवळचीच की! वळखतीस का तू? कशी हाय स्वभावानं?"

शालूनं पदर सारखा केला. "आठवण पक्की हाय त्यांची," ती म्हणाली. (यापेक्षा जास्त सांगायला चार महिने पुरत नाहीत. त्याला निदान एक लेकरू व्हावं लागतं.)

तयारी सुरू झाली. ठरलं असं, की तातेराव, रुक्माबाई आणि शालू जाणार. माणिकची नोकरी परभणी जिल्ह्यातली, ती नदी ओलांडत नव्हती. तो इथंच राहणार.

"मंग मी...?" माणिकनं विचारलं, आणि बघितलं मात्र दोरीवरच्या साड्यांकडे.

"तू दर शनिवारी येत जा. उतारानं. येताना दाखला आणत जा."

"कशाचा?"

"तू कोण हाय त्याचा."

माणिक शाळेला निघाला. त्या दिवशी शाळेत त्यानं पाढ्यात चूक केली म्हणे. शालूनं त्याला डबा देताना तोंडाकडे पाहिलं आणि कडी जरा जास्त वेळ धरून ठेवली. नवीन नवरा-बायकोला त्या घरात बोलायला जागाच एवढी होती, डब्याच्या कडीइतकी.

तिनं आपल्या परीनं एक उपाय केला. निघायच्या आदल्या दिवशी घंगाळ उचलून मागच्या कडब्याच्या गंजीत खुपसलं. घंगाळ इथं राहिलं, तर निदान तिथं अब्रू राहील. पण रुक्माबाईंना पितळेची चमक कडब्यातूनही दिसते. त्यांनी सुनेला बाजूला घेतलं.

"काहून लपवलं?"

"वझं व्हईल गाडीला."

"वझं? का सावळीला धाडायचा इचार व्हता भावाकडं?"

शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. चोरीचं घंगाळ लपवताना चोरीचा आळ आपल्यावरच येईल, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तातेरावांना कळलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "घंगाळ सगळ्यात वर बांधा. गावात शिरताना घराण्याची शान दिसली पाहिजे."

निरोपाला शेजारचे जळबा आले. गाडी-बैल त्यांचेच होते. तातेरावांनी आपलं सुंभाचं बाजलं त्यांना देऊन टाकलं, पण तसं नाही, कागद करून: 'बाजले एक, एक पाय आखूड, कायमचे दिले, परत मागणार नाही.' खाली दोघांच्या सह्या.

"नाकेदार, बाजल्याला काय कागद करता राव?"

"जळबा, देश सोडणाऱ्यानं मागं भानगड ठेवू न्हाई."

जळबांनी कागदाची घडी मुंडाशात खोवली. शेवंतीचा हार घातला. माणिक वेशीपर्यंत आला आणि गाडी वळेपर्यंत उभा राहिला. शालूनं मागं वळून पाहिलं नाही, कारण सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

उतारावर जुन्या नाक्याच्या दोन भिंती अजून उभ्या होत्या. तातेरावांनी गाडी थांबवली. जळबांना वाटलं पाणी प्यायचं असेल.

"सामान उतरवा," तातेराव म्हणाले.

"कुणाचं?"

"आपलं. यादी केल्याशिवाय सरहद्द ओलांडायची न्हाई. उद्या कुणी बोलायला नको, की तातेरावानं चोरून माल आणला."

आणि त्या वाळवंटात, चैताच्या उन्हात, तातेरावांनी स्वतःच्या कुटुंबाची झडती घेतली. रुक्माबाई ओरडत होत्या, "पीठ उघडू नका, वारं सुटलंय!" पण पीठही उघडलं गेलं. शालूच्या गाठोड्यात चार साड्या आणि माणिकचा एक जुना रुमाल निघाला. तातेरावांनी रुमाल बघितला, पुन्हा घडी करून ठेवला आणि यादीत लिहिला नाही. शालूला त्या क्षणी सासऱ्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की ती धीर करून म्हणाली, "मामाजी, घंगाळाला गोणपाट गुंडाळू का? ऊन लागतंय."

"पितळेला ऊन लागलं म्हंजे ते झळकतं, पोरी. झळकू दे."

ते झळकतच बोरझरीत शिरलं.

चावडीपुढच्या लिंबाखाली सगळं गाव जमलं होतं. शेषरावांनी नारळ दिला. तातेरावांनी खाली वाकून माती कपाळाला लावली, आणि ते खरंच मनापासून होतं. कुणी हसलं नाही. मग शेषराव म्हणाले, "दादा, आधी कागदाचं उरकून घेऊ. म्या नात्यातला, माही ओळख चालत नाही. म्हणून नर्मदाबाईले बोलावलं."

नर्मदाबाई सत्तरीच्या. काठी होती, पण टेकायला नाही, माणसं बाजूला करायला. त्यांनी तातेरावांकडे बघितलंच नाही. आधी गाडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग येऊन लिंबाच्या पारावर बसल्या.

"तुले ओळख पाह्यजे म्हन्ते?"

"व्हय, मावशी."

"लिहिता-वाचता येते?"

"मराठी, मोडी, उर्दू," तातेराव छाती काढून म्हणाले. "तिन्ही."

"उर्दू येते? बरं झालं बाप्पा. मंग आधी माह्यं काम कर." त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खालून एक कागद काढला, घड्यांवर पार विरलेला. "तीस वर्सं झाले. या गावात कोणाले वाचता येत नाही. पुसदच्या मौलवीकडं नेला, तर तो म्हणे अक्षर लय खराब हाये."

तातेरावांना मनापासून आनंद झाला. स्वदेशात पाऊल टाकताच आपल्या विद्येची गरज लागावी! त्यांनी चष्मा लावला, कागद उन्हाकडे धरला आणि नाक्यावरच्या जुन्या सुरात वाचायला सुरुवात केली, आधी उर्दू आणि मग त्याचं मराठी.

"'नर्मदा जौजे सखाराम, साकिन बोरझरी.' म्हंजे सखारामची बायको, राहणार बोरझरी. 'एक अदद घंगाळ, पितळी.' म्हंजे घंगाळ, नग एक. 'काठावर कमळाची नक्षी...'"

आवाज थोडा उतरला.

"'...एका बाजूस पोचा.'"

गाव एकाच वेळी वळलं आणि गाडीकडे बघू लागलं. घंगाळ सगळ्यात वर होतं. झळकत होतं.

"वाच की," नर्मदाबाई म्हणाल्या.

"'तपासणीसाठी ठेवून घेतलं. ही पावती दाखवून माल परत न्यावा.'"

"खाली सही कोणाची हाये?"

"पुसट झालीय मावशी."

"तीस वर्सं कमरेले बांधून हिंडले म्या. पुसट नसन. वाच."

तातेरावांनी चष्मा काढला. पुढचं वाचायला तो लागतही नव्हता. "तातेराव वल्द ग्यानोबा," ते म्हणाले.

नर्मदाबाईंनी हात पुढं करून कागद परत घेतला.

"लेकीच्या आंदणाचं होतं," नर्मदाबाई शांतपणे बोलल्या. "माही सरू मोगलाईत देली. गाडीसंगं म्या होते. नाक्यावर तू अडवलं. म्या म्हणलं, तात्या, काहून असं करून राह्यला? तुह्या जलमाच्या वक्ती म्या बारा वर्साची नवी नवरी होते शेजारच्या घरातली. तुह्या पहिल्या आंघोळीचं पाणी म्या तापवलं. मंग तू काय म्हणाला? आठवते?"

आठवत होतं. आता सगळंच आठवत होतं. मिशीला पीळ देऊन म्हटलेलं ते वाक्य, वरचे साहेब शेजारी उभे होते म्हणून जरा जोरातच म्हटलेलं.

"नाक्यावर ओळख चालत नसते," तातेराव खाली बघत म्हणाले.

"हां. तीनदा आले म्या पावती घेऊन. दोनदा तू दौऱ्यावर, तिसऱ्यांदा नाकाच उठला. सरूले जलमभर सासूचे टोमणे: नाकेदारानं नेलं म्हन्ते, देलंच नसन मायनं." त्यांनी काठी मातीत टेकवली. "अन् आज तुले माही ओळख पाह्यजे."

मग गाडीकडून आवाज झाला. रुक्माबाई चाकावर पाय देऊन चढल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं दोर सोडला, घंगाळ उतरवलं आणि आणून नर्मदाबाईंच्या पायाशी ठेवलं. "पंचवीस वर्षं माझ्या न्हाणीत व्हतं, बाई. मला ठाऊक असतं तर तिथं ठेवलं नसतं." एवढंच बोलून त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं (ते पाहणं पुढं बरीच वर्षं चाललं) आणि मग सुनेकडे. सुनेकडे पाहताना त्यांना कडबा आठवला असावा.

नर्मदाबाईंनी काठावरून हात फिरवला. कमळं मोजल्यासारखा. बोट पोच्यावर थांबलं. "हा पोचा माह्या घरचा का तुमच्या घरचा?"

"पावतीत हाय तो," तातेराव हळूच म्हणाले. एवढ्या शरमेतही आपण पोचा नोंदवला होता याचं त्यांना थोडं बरं वाटलं.

पुढच्या रांगेतल्या एका बारक्या पोरीनं आजीचा पदर ओढला. "आजी, नाक्यावरचा तो हाच का? मंग मिशी कुठी हाये?"

आता मात्र गाव हसलं. नर्मदाबाईही हसल्या. "शेषराव, लिव रे बापू. सरकारी कामात आडवं येऊ नये. या माणसाले म्या ओळखते. चांगलाच ओळखते. जलमला इथंच. बिघडला तिकडं."

शेषरावांनी पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं सोडून दिलं. तातेराव रीतसर बोरझरीचे झाले.

"थांबा," नर्मदाबाई म्हणाल्या. "घंगाळ घेतलं तर म्या बी पावती देईन. आमी तशे नाही. बायांत कोणाले लिवता येते?"

बायकांत लिहिता येणारी एकटी शालू, सातवी पास. तिला पाटावर बसवलं, कागद दिला. शालू लिहू लागली: 'पितळी घंगाळ एक, कमळाच्या नक्षीचे, पोच्यासह, मिळाले. देणार: श्री. तातेराव ग्यानोबा.' पुढं पेन थांबलं. सगळ्या गावापुढं, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, ती चार महिन्यांत पहिल्यांदा सासऱ्याला मोठ्यानं काही विचारत होती.

"मामाजी, राहणार कुठले लिहू?"

तातेरावांच्या खिशात दोन कागद होते. कोणताही काढता आला असता. त्यांनी समोर पाहिलं. पारावर, भिंतीवर, ओट्यांवर बसलेलं गाव, म्हातारी-कोतारी, बाया, पोरं. एकही माणूस असा नव्हता की जो त्यांना ओळखत नव्हता. हेच तर त्यांना हवं होतं. मग त्यांनी नदीकडे पाहिलं.

"बाळापूर," ते म्हणाले. "तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी."

शालूनं इतक्या भराभर लिहिलं की जिल्ह्यावर शाईचा ठिपका पडला. विचार बदलायला वेळच ठेवला नाही.

नर्मदाबाईंनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जाऊ नको. ओळखीचा हायेस." मग पिठलं-भाकरी झाली. गाडीवरचं बाकी सामान उतरलंच नव्हतं, त्यामुळे परत चढवावंही लागलं नाही. परतताना नाक्याच्या भिंती आल्या. जळबांनी बैल जरा हळू केले आणि मागं पाहिलं. तातेराव म्हणाले, "हाक."

वाटेत रुक्माबाई सुनेकडे सरकल्या. "तुला ठाऊक व्हतं ना गं?"

"व्हय, आत्याबाई."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"कुणी इचारलं न्हाई."

रुक्माबाईंनी पिठाचं गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं आणि शालूला पाय लांब करायला जागा करून दिली.

माणिक वेशीतच होता. सकाळपासून तिथंच असावा असं पारावरचे म्हणत होते. पारावर कुणीतरी विचारलं, "नाकेदार, कसा काय व्हता परदेश?"

"चांगला हाय," तातेराव गाडीतून उतरत म्हणाले. "पण माणसं फार ओळखतात तिकडं."

घरी येऊन त्यांनी नवी पावती पेटीत ठेवली. पेटीत आता दोनाऐवजी तीन मुलकांचे कागद झाले, आणि साड्या पुन्हा दोरीवर गेल्या. बाजलं मागायला ते जळबांकडे गेले तेव्हा जळबांनी मुंडाशातून कागद काढला आणि फार अदबीनं त्यांच्यापुढं धरला. 'कायमचे दिले, परत मागणार नाही.' सही ओळखीची होती. तातेराव ओसरीत सतरंजी टाकून झोपू लागले आणि आंघोळ डालड्याच्या डब्यातल्या पाण्यानं करू लागले.

पुढल्या वर्षी शालूला मुलगा झाला. त्या लेकराला दुपारची झोप म्हणून नव्हती. एकदा पाळणा हलवून हलवून हात भरून आले, आणि तिच्याही नकळत जुनं गाणं तोंडात आलं: "नीज बाळा नीज, नाक्यावरचा येईल..." म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. ओसरीवर सतरंजीची हालचाल झाली होती.

"थांबलीस काहून?" तातेरावांचा आवाज आला. "म्हण. पण शेवटी जरा दुरुस्ती कर. 'घंगाळ नेईल' नको. 'आणून देईल' म्हण. तसं कागदोपत्री हाय."

शालूनं तसं म्हटलं. नाक्यावरचा येईल, घंगाळ आणून देईल. मिनिटभर लेकरू ऐकत राहिलं. मग भिण्यासारखं यात काही नाही हे त्याला उमगलं असावं. त्यानं असा टाहो फोडला की जळबांच्या दारातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. शालूनं पुन्हा म्हटलं, पुन्हा आणून दिलं. लेकरू निळं पडायची वेळ आली.

शेवटी तातेराव खाकरले.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "पयलंच म्हण."